एका प्राध्यापिकेची कागदपत्रे आणि आपली दप्तरे

ज्युबिलीच्या मंगल प्रसंगी निघणाऱ्या पुस्तिकेत देवळाचा इतिहास असावा, मिशनरी फादरांच्या श्रमांचे कृतज्ञ स्मरण असावे, हे सर्वांस योग्यच वाटेल. परंतु ज्या कागदपत्रांच्या आधारे इतिहास लिहावयाचा, ती कशी निर्माण होतात आणि कशी टिकतात, याचा विचार क्वचितच होतो. तो विचार एका विदुषीच्या उदाहरणावरून आष्टीच्या वाचकांपुढे मांडावा, असे आम्ही योजिले आहे. ही विदुषी म्हणजे मुंबईच्या विज्ञान संस्थेतील जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापिका डॉ. कमला सोहोनी. त्या आपल्या धर्मसभेतील नव्हत्या; परंतु सत्य कोठेही आढळो, ते ईश्वराकडूनच आलेले असते, अशी आपली श्रद्धा आहे.

कमलाबाई माहेरच्या भागवत. त्यांचा जन्म १९११ साली इंदूर येथे झाला. वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी. एस्‌सी. पदवी मिळवून कमलाबाईंनी त्याच संस्थेकडे अर्ज केला. संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी, अर्जदार स्त्री आहे एवढ्याच कारणास्तव तो नाकारला. कमलाबाई डगमगल्या नाहीत. त्यांनी सत्याग्रहाचा मार्ग धरला, तेव्हा अटींवर प्रवेश मिळाला. पहिले वर्ष परीक्षेचे राहील. संचालकांचे समाधान होईपर्यंत त्यांच्या कामास मान्यता मिळणार नाही. आणि त्यांच्यामुळे पुरुष विद्यार्थ्यांचे चित्त विचलित होता कामा नये! वर्षअखेर त्यांचे काम पाहून संचालकांचे समाधान झाले, आणि पुढे इतर मुलींनाही त्या संस्थेचे दार उघडले. एकीने सोसले, त्याचे फळ अनेकींस मिळाले.

पुढील वाटचाल कागदांवरून नीट दिसते. दूध व कडधान्ये यांतील नत्रयुक्त द्रव्यांवरील कामाबद्दल १९३६ साली त्यांना एम. एस्‌सी. पदवी मिळाली. नंतर त्या केंब्रिजला गेल्या. तेथे डेरेक रिक्टर यांच्यासमवेत लिहिलेला त्यांचा निबंध १९३८ च्या ‘बायोकेमिकल जर्नल’मध्ये छापला गेला. प्राण्यांच्या पेशींत अन्नाचे मंद ज्वलन घडवून आणणारी जी व्यवस्था असते, तिच्यातील ‘सायटोक्रोम सी’ हे द्रव्य वनस्पतींच्या पेशींतही असते, असे त्यांना बटाट्यावरील प्रयोगांत आढळले. या विषयावरील अवघ्या सुमारे चाळीस पानांच्या प्रबंधाला १९३९ साली पीएच. डी. मिळाली. प्रबंधाचे वजन पानांवर ठरत नसते, हेच खरे.

स्वदेशी परतल्यावर दिल्लीचे लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालय, कुन्नूरची पोषण संशोधनशाळा, आणि १९४७ च्या विवाहानंतर मुंबईची विज्ञान संस्था, असा त्यांचा प्रवास झाला. नीरेतील पोषक द्रव्यांच्या अभ्यासासाठी त्यांना राष्ट्रपति-पुरस्कार मिळाला. आपल्या शेतांत पिकणाऱ्या कडधान्यांवरही त्यांनी पुष्कळ काम केले. कच्च्या डाळींत प्रथिनांच्या पचनास अडथळा करणारी द्रव्ये असतात व ती शिजवल्याने बहुतांशी निष्प्रभ होतात. आपल्या आजीबाई डाळ मऊ शिजवावयास सांगत, त्यामागील शास्त्र ते हेच.

एवढ्या जीवनाची नोंद मात्र बंगळूर, केंब्रिज, दिल्ली, कुन्नूर व मुंबई अशी विखुरलेली आहे. त्यातही ती दोन आडनावांखाली आहे. रॉबिन हिल यांच्यासमवेतचा त्यांचा निबंध १९५१ साली, म्हणजे विवाहानंतर चार वर्षांनी, ‘भागवत’ नावाने छापला गेला. कडधान्यांवरील निबंध मात्र ‘सोहोनी’ नावाने आहेत. ज्याला ही गोष्ट ठाऊक नाही, त्याला ग्रंथालयाच्या यादीत दोन निराळ्या बाया दिसतील.

याहून मोठी गोष्ट अशी की, या छापील निबंधांत बंगळूरच्या त्या अपमानाविषयी अक्षरही नाही. शास्त्रीय निबंधात ते असावयाचेही नाही. तो वृत्तांत कमलाबाईंनी स्वतः उतारवयात सांगितला व ऐकणाऱ्यांनी लिहून ठेवला, म्हणूनच तो आपणांस ठाऊक आहे. १९९८ साली त्या निवर्तल्या. तत्पूर्वी कोणी विचारलेच नसते, तर यश तेवढे उरले असते आणि त्याची किंमत कोणास कळली नसती.

आपल्या धर्मसभेतही असाच एक दाखला आहे. ब्रुन येथील मठाधिपती ग्रेगोर मेंडेल यांनी वाटाण्याच्या रोपांवरून आनुवंशिकतेचे नियम शोधिले. १८८४ साली ते वारल्यावर त्यांचे बरेचसे कागद जाळले गेले, असे सांगतात. १८६६ साली छापलेला निबंध तेवढा ग्रंथालयांत टिकला, म्हणून १९०० साली त्यांचा शोध जगापुढे पुन्हा आला.

वाचकहो, आता आपल्या दप्तरांकडे पाहू. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली विवाह व स्नानसंस्कार यांच्या नोंदी ठेवण्याचे कर्तव्य धर्मगुरूंवर सोपविले. १९८३ च्या धर्मविधिसंहितेनेही जुनी नोंदपुस्तके काळजीपूर्वक जतन करावी, अशी आज्ञा केली आहे. त्या पुस्तकांत गरीब व श्रीमंत एकाच शाईने लिहिले जातात. आपल्या बीड जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीस दूरदेशी जातात. एका लेकराचा स्नानसंस्कार गावी होतो, दुसऱ्याचा कारखान्याच्या वाटेवरील देवळात. विवाहानंतर मुलीचे आडनाव पालटते. त्यांचीही नोंद कमलाबाईंच्या कागदांप्रमाणेच ठिकठिकाणी विखुरते.

तरी आमची विनंती अशी. स्नानसंस्काराचा दाखला कोणत्या देवळातील आहे, हे घरातील वहीत लिहून ठेवा. मुलीच्या दोन्ही आडनावांची नोंद करा. जुन्या छायाचित्रांच्या मागे पेन्सिलीने नावे लिहा. कागदांस ओल व वाळवी लागू देऊ नका. आणि घरातील वृद्धांस, विशेषतः आजीबाईंस, त्या धर्मात कशा आल्या, शाळेत कशा गेल्या, कोणी दार बंद केले व कोणी उघडले, हे विचारा आणि त्यांच्याच शब्दांत टिपून घ्या. नोंदपुस्तकात तारीख असते; तारखेमागील अश्रू आणि आनंद मात्र सांगणाऱ्यापाशीच असतात.

पुढील ज्युबिली साजरी करणाऱ्या आपल्या नातवंडांस आपण यापरता मोठा वारसा काय देणार? परमेश्वर या कार्यास यश देवो.