नाक्यावरचा इराणी

आमच्या कामरगावात टपरीवर सकाळपासून माणसे जमतात. शेतकरी, मास्तर, ड्रायव्हर. आम्ही शिक्षिका मात्र तिथे थांबत नाही. चहा शाळेतच मागवतो. चहाच्या दुकानात कोणी बसावे, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. पण मुंबईच्या इराणी हॉटेलांचा इतिहास वाचताना तोच प्रश्न आम्हाला पुन्हा पुन्हा भेटला.

विलायतेत नाक्यावरच्या पबला जे स्थान, ते मुंबईत इराण्याला. फक्त बहुतेक ठिकाणी दारूऐवजी चहा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इराणच्या यज्द आणि किरमान भागांतून माणसे पोटासाठी मुंबईस येत राहिली. त्यांत झरतुष्ट्री होते, तसे शिया मुसलमानही. कोपऱ्याचा गाळा हिंदू व्यापारी अशुभ मानत, म्हणून तो इराण्यांना मिळाला, असे सांगतात. त्यांनी त्याचे सोने केले. दोन रस्त्यांकडे दारे, दोन्हीकडून उजेड आणि गिऱ्हाईक! संगमरवरी टेबले, ब्रुन-मस्का, पानी-कम चहा. धोबीतलावचे कयानी 1904 साली, तर ग्रँट रोडचे मेरवान 1914 साली सुरू झाले.

तो काळ रेल्वे स्टेशनांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुस्लिम पाणी’ वेगळे असण्याचा होता. इराण्याकडे मात्र कामगार, कारकून, शायर एकाच छताखाली बसत. बायकांसाठी ‘फॅमिली रूम’ असे; पडद्याआड का होईना, जागा होती. उर्दू कथाकार सआदत हसन मंटो भायखळ्याच्या क्लेअर रोडवर राहत असे. जवळच्या नागपाड्यातील ‘सारवी’ या इराणी हॉटेलात त्याची ऊठबस होती, असे जुने लोक सांगतात. जानेवारी 1948मध्ये तो लाहोरला गेला आणि 1955 साली तिथेच वारला. पण मुंबईची आठवण त्याच्या लेखणीतून शेवटपर्यंत गेली नाही.

एका प्रचलित अंदाजाप्रमाणे 1950च्या दशकात मुंबईत अशी सुमारे 350 हॉटेले होती. 2005 पर्यंत जेमतेम 25 उरली. जागांचे भाव चढले, नवी पिढी दुसऱ्या व्यवसायांत गेली.

आमचा एक माजी विद्यार्थी नोकरीसाठी मुंबईस गेला. भाड्याच्या खोलीची बोलणी ठरत आली, की नाव ऐकून घरमालकाचा सूर बदले. असे तीनदा झाले. त्या दिवशी तो एका इराण्याकडे एका चहावर दोन तास बसून राहिला. “मॅडम, तिथे कोणी नाव विचारलं नाही,” तो म्हणाला.

त्याचे दुःख आम्हाला कळते. पण मग आमच्या मोहल्ल्याकडेही पाहावे लागते. आमच्या टपरीवर आमच्याच मुलींना बाक मोकळा आहे काय? ज्यांना दुसऱ्याच्या दारात इज्जतीने बसायचे आहे, त्यांनी आपल्या बाकावरही थोडे सरकून बसायला शिकले पाहिजे. पुढच्या आठवड्यात आम्ही तिघी शिक्षिका टपरीवर चहा घेणार आहोत. बसून.