सर्व संतांचा सण आणि आपली सीमा



१ नोव्हेंबर १९५६, गुरुवार. ख्रिस्तसभेत सर्व संतांचा सण होता, आणि त्याच दिवशी राज्य पुनर्रचनेत बेळगाव-निपाणी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. मिस्साला आलेली माणसे घर न बदलता दुसऱ्या राज्याची झाली. पुढे म्हैसूरचे कर्नाटक झाले (१९७३), बेळगावचे बेळगावी (२०१४), तेही १ नोव्हेंबरलाच. आपला धर्मप्रांत मात्र १९५३ चा, या सीमेपेक्षा तीन वर्षांनी थोरला!

आजही त्या दिवशी इथे कुणी राज्योत्सव करतो, कुणी काळा दिवस पाळतो. "आपण स्वर्गाचे नागरिक, आपल्याला काय त्याचे?" असे म्हणून अंग काढून घेणे मला पटत नाही. संत पौलाने स्वर्गीय नागरिकत्वाविषयी लिहिले ते फिलिप्पैकरांना. त्याच फिलिप्पैत फटके खाल्ल्यावर त्याने आपले रोमी नागरिकत्व अधिकाऱ्यांना ठणकावून सांगितले होते. एकाने दुसरे खोटे ठरत नाही.

दुसऱ्या दिवशी, २ नोव्हेंबरला, मृतांचे स्मरण. दफनभूमीत मराठी, कोकणी, कन्नड बोलणाऱ्यांच्या कबरी शेजारी शेजारी असतात. वाऱ्याने मेणबत्ती विझली, की आपण शेजारच्या कबरीवरूनच ती पुन्हा पेटवून घेतो.