झऱ्याची वाट

आपल्या चळवळीने लिहिलेला पाण्याचा इतिहास हा तळ्याचा आणि विहिरीचा इतिहास आहे. महाडचे चवदार तळे त्याच्या केंद्रस्थानी आहे आणि ते तसे असणे योग्यच आहे. परंतु सह्याद्रीच्या पायथ्याला राहणारी आपली माणसे पिढ्यान्‌पिढ्या जे पाणी प्याली ते तळ्याचे नव्हते, आणि विहिरीचेही नव्हते. ते डोंगरातून पाझरणाऱ्या झऱ्याचे होते. या झऱ्याला काठ नाही, पायऱ्या नाहीत, शिलालेख नाही. म्हणून त्याचा इतिहासही नाही, असे समजण्याचे कारण नाही. तो मी माझ्या वाडीपासून सुरू करतो. माझ्याजवळ पुरावा म्हणून प्रथम तेवढेच आहे.

माझी वाडी वैभववाडीच्या घाटपायथ्याला आहे. हा मुलूख पूर्वी रत्नागिरी जिल्ह्यात होता; १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा झाला तेव्हा त्यात आला. माथ्यावर गगनबावडा, खाली उतरणारे करूळ आणि भुईबावडा हे घाट, आणि मध्ये जांभ्याचे सडे, वरकस जमिनी, व्हाळ. येथे पाऊस तीन हजार मिलिमीटरहून अधिक पडतो. चार महिने पाणी घरात शिरते आणि एप्रिल-मे महिन्यांत तेच पाणी शोधत बायकांना डोंगर चढावा लागतो. याचे कारण जमिनीत आहे. जांभा दगड सच्छिद्र. तो पावसाचे पाणी पिऊन घेतो. त्याच्याखाली चिकण मातीचा किंवा घट्ट काळ्या दगडाचा थर लागला की पाणी आडवे सरकते आणि उताराच्या कडेला जेथे तो थर उघडा पडतो तेथे बाहेर येते. त्यालाच आपण झरा म्हणतो. पाण्याला जोर असेल तर लोक त्याला उमाळा म्हणतात. आमच्याच तालुक्यात नाधवड्याला महादेवाच्या देवळाजवळ असा उमाळा आहे आणि त्याच्या पाण्यावर नापण्याचा धबधबा बारमाही वाहतो. मोठ्या पाण्याजवळ देव बसतो आणि जेथे देव बसतो तेथे सोवळे-ओवळे येते, हा आपल्या सबंध देशाचा रिवाज. लहान झऱ्याजवळ देव बसला नाही. त्याची राखण माणसांनीच केली.

आमचा झरा लहान होता. वाडीपासून अर्ध्या मैलावर, एका सवर्ण जमीनदाराच्या वरकस जमिनीत, जांभ्याच्या कपारीतून तो येई. कपारीला पोफळीच्या खोडाची पन्हळ लावलेली होती. पन्हळीखाली गावच्या बायका भरत. तेथून वाहून आलेले पाणी वीसेक पावले खाली एका खड्ड्यात साचे. तेथे आमच्या बायका भरत. उन्हाळ्यात खड्ड्यात कळशी बुडत नसे. मग करवंटीने एकेक घोट वेचून कळशी भरायची आणि वरून फडका धरून गाळायची. साठच्या दशकात मी आजीबरोबर तेथे जात असे. एकदा कोणी नाही असे पाहून माझ्या आईने पन्हळीखाली कळशी धरली. तेवढ्यात वरून हाक आली, “गो बाये, खालसून भर, वरसून नको!” आई काही बोलली नाही. तिने भरलेली कळशी ओतून दिली आणि खाली आली.

त्या प्रसंगाचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी लागला. पाणी वरून खाली वाहते, हे शाळेच्या पहिल्या इयत्तेतल्या मुलालाही कळते. वरच्या पन्हळीखाली कोणी भांडी विसळली, गुरे पाजली, तर ती घाण खालच्या खड्ड्यात आमच्याकडे येणार. म्हणजे दूषित होण्याची भीती असलीच तर ती आम्हाला होती. परंतु धर्मशास्त्राच्या हिशेबात उलटे होते. घाण खाली वाहत होती आणि विटाळ मात्र खालून वर चढत होता. निसर्गाचा नियम मोडून चढणारी ही एकच गोष्ट या देशाने निर्माण केली. आमची वाडी गावाच्या खालच्या अंगाला होती, हाही योगायोग नव्हता. गाव वसवणाऱ्यांनी पाणी आणि वारा दोन्ही पाहून आमची जागा ठरवली होती.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धर्मांतर झाले. पुढे आमच्या वाडीनेही दीक्षा घेतली आणि गावकीची हलकी कामे सोडली. कोकणात, देशावर, सर्वत्र अशा वेळी जे घडले ते आमच्याकडेही घडले. कोणी मारहाण केली नाही, कोणी पाण्याला बंदी केली नाही. फक्त झऱ्याकडे जाणाऱ्या पाऊलवाटेवर एक गडगा उभा राहिला आणि बेडे होते तेथे काटेरी शिरी पडल्या. पाणी मोकळेच होते. वाट बंद होती. वाडीतले पुरुष मुंबईला गिरणीत. दोन उन्हाळे बायका व्हाळाच्या पात्रातून, दगडाधोंड्यांतून वळसा घालून गेल्या, कारण व्हाळ कोणाच्या सातबाऱ्यावर नव्हता. आजीला मी विचारले होते, झरा त्यांचा आहे काय? ती म्हणाली, “झऱ्याक मालक नसता रे झिला. मालक असता तो वाटेक.”

माझ्या मते, आपल्या पाण्याच्या प्रश्नाचे सारे सार या वाक्यात आहे. कायद्याचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. ते एका घराचे पाणी होते आणि मालकाने आपल्या सद्‌विवेकाने ते दिले. राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ मध्ये कोल्हापूर संस्थानातील सार्वजनिक पाणवठे आणि विहिरी खुल्या करण्याचा हुकूम काढला. तेथे राजाने दिले. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले व राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. त्याच ठरावाच्या आधारे महाड नगरपालिकेने तळे खुले केले आणि तो हक्क बजावण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब ओंजळीत पाणी घेऊन उभे राहिले. पुढे सवर्णांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांचे घडे ओतून ते तळे ‘शुद्ध’ केले. बाबासाहेबांनीच लिहून ठेवले आहे की हे तळे पावसाच्या आणि नैसर्गिक झऱ्यांच्या पाण्याने भरते. तळ्याच्या तळाशी झरेच होते. परंतु झऱ्याला कायद्यात नाव नव्हते. तळ्याला होते, कारण त्याच्यावर सार्वजनिक संस्थेची सत्ता होती.

हे ध्यानात घेतले पाहिजे की बोले ठरावातील पाणवठा हा कोणीतरी बांधलेला, सार्वजनिक पैशाचा पाणवठा आहे. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदातही विहिरी, तळी, स्नानघाट यांचा उल्लेख आहे. तेथेही अट आहे ती सरकारी खर्चाची किंवा सर्वसाधारण जनतेसाठी अर्पण केल्याची. आमचा झरा कोणी बांधला नव्हता. त्यावर सरकारचा रुपया खर्च झाला नव्हता. तो कोणी कोणाला अर्पणही केला नव्हता. पृथ्वीने तो दिला होता आणि पृथ्वीच्या सहीचा कागद कोणत्याही कचेरीत मिळत नाही.

झऱ्याला नाव मिळाले ते १९५५ च्या अस्पृश्यता अपराध कायद्यात. नदी, ओढा, झरा, विहीर, तळे, टाकी, नळ असे एकेक नाव घेऊन तो कायदा सांगतो की तेथे अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला अडवणे हा गुन्हा आहे. आणि त्याच यादीत रस्ता आणि वाटही आहे. हाच कायदा १९७६ मध्ये नागरी हक्क संरक्षण कायदा झाला. परंतु त्यातही एक अट राहिलीच: जेथे जनतेतील इतरांना जाण्याचा हक्क आहे, तेथे. खासगी जमिनीतल्या झऱ्यावर मालक म्हणू शकतो, ‘हक्क कोणालाच नाही, इतरांना मी मेहेरबानीने येऊ देतो.’ जात न उच्चारता जात पाळण्याची ही युक्ती आहे. पुढे १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने अनुसूचित जाती-जमातींचे लोक नेहमी वापरतात तो झरा, जलाशय किंवा अन्य उद्भव घाण करणे हा गुन्हा ठरवला. त्या कलमात पहिले नाव झऱ्याचे आहे. आमच्या आयाबाया कोणते पाणी पितात, हे कायद्याला १९८९ साली नीट कळले, असे मी म्हणतो.

आता जमिनीची बाजू पाहू. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे, ठराविक प्रवाहात न वाहणारे जमिनीखालचे पाणी आपल्या हद्दीत अडवण्याचा व वापरण्याचा हक्क जमीनमालकाला आहे. म्हणजे ज्याची जमीन त्याचे पाणी. मग ज्याला जमीनच नाही त्याचे काय? बाबासाहेबांनी १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, १९४९ मध्ये खोती निर्मूलनाचा कायदा झाला, १ एप्रिल १९५७ रोजी कूळ जमिनीचा मालक झाला. कसणाऱ्याला जमीन मिळाली. पिणाऱ्याला झरा मिळाला नाही. पाण्याचे कूळ म्हणून कोणाची नोंद झाली नाही. ज्या बायकांनी दर उन्हाळ्याला गाळ काढला, पन्हळ बदलली, झऱ्यावरची झाडे तोडू दिली नाहीत, त्यांच्या श्रमाला सातबाऱ्यात रकाना नव्हता.

तथापि त्याच जुन्या कायद्यात एक दार आहे आणि ते आपल्या लोकांना माहीत असले पाहिजे. शांततेने, उघडपणे, खंड न पडता, हक्क म्हणून वीस वर्षे एखादी वाट किंवा पाणी वापरले तर तो हक्क कायम होतो. यातला कळीचा शब्द ‘हक्क म्हणून’ हा आहे. परवानगी मागून वापरलेले पाणी शंभर वर्षे वापरले तरी हक्काचे होत नाही. ‘जरा पाणी भरू द्या’ असे म्हणणारा स्वतःच्या दाव्यावर स्वतःच पाणी सोडतो. नम्रता हा आमच्यावर लादलेला गुण होता आणि कायद्याने त्याचीही किंमत वसूल केली. दुसऱ्या बाजूला महाडच्या दाव्यात सवर्णांनी सांगितले होते की तळे वापरण्यापासून अस्पृश्यांना वगळण्याचा रिवाज अनादि काळापासून आहे. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो रिवाज सिद्ध झालेला नाही असा निर्णय दिला. अनादि म्हणून जे सांगितले जाते त्याचा पुरावा मागितला की ते टिकत नाही. आम्ही मात्र पुरावा मागायचाच विसरलो होतो.

आमच्या वाडीला पुढे एका सरकारी योजनेतून स्वतंत्र विहीर मिळाली. ती मिळाल्याचा आनंद खरा होता; आई तिच्या काठावर बराच वेळ नुसती बसून होती. परंतु स्वतंत्र विहीर म्हणजे वेगळेपणावर मारलेला सरकारी शिक्काही होता. ‘तुमची विहीर झाली ना, आता झऱ्यावर कशाला?’ हा प्रश्न आलाच. ती विहीर मार्चमध्ये आटे. झरा मेअखेरपर्यंत बारीक का होईना, वाहत असे. आमचे पाणी आम्हाला मिळाले आणि आमचा झरा गेला.

आता नळ आले आहेत. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या जल जीवन मिशनचे माप माणशी दररोज ५५ लिटर आहे. या मापाने झऱ्याचा हिशेब करून पाहावा. मिनिटाला एक लिटर देणारा, दिसायला अगदी किरकोळ झरा दिवसाला १४४० लिटर देतो. म्हणजे २६ माणसांची गरज. पण पंधरा लिटरचा हंडा भरायला पंधरा मिनिटे लागतात आणि रात्रभराचे पाणी वाहून जाते. पाणी कमी नव्हते, साठवण नव्हती. मूळ कपार मोकळी करून चिऱ्याने बांधली, वर झाकण घातले, पावसाचे पाणी वळवायला वरच्या अंगाने चर काढला, आणि नळीने ते खाली टाकीत सोडले, की बिनविजेचे पाणी दारात येते. हे काही मोठे शास्त्र नव्हे. पाच माणसांच्या घराला लागणारे २७५ लिटर पाणी भरायला आमच्या आया पन्हळीखाली साडेचार तास उभ्या राहिल्या असत्या. खड्ड्यावर किती वेळ गेला याचा हिशेब मी मांडू शकत नाही. हे श्रम वाचवणारी एक टाकी त्या काळी बांधता आली असती. ती बांधली गेली नाही, कारण टाकी बांधायची तर आधी झऱ्यावर आपला पाय ठरायला हवा होता.

आता कोकणच्या जमिनी विकल्या जात आहेत. नवा मालक शहरातला असतो, त्याला जुनी वाट ठाऊक नसते. तो तारेचे कुंपण घालतो. त्याच्या मनात जात असेलही, नसेलही. पण कागदावर वाट नसेल तर परिणाम एकच होतो. म्हणून प्रत्येक वाडीने आपल्या झऱ्यांची नोंद करावी, असे माझे सांगणे आहे. कोणत्या गटात झरा आहे, वाट कोठून जाते, किती वर्षांपासून कोण पाणी भरते, उन्हाळ्यात हंडा किती मिनिटांत भरतो, हे म्हाताऱ्या बायकांकडून लिहून घ्यावे. ग्रामसभेत ते वाचावे आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांत नोंद व्हावी म्हणून रीतसर अर्ज करावा. नळ बंद पडला, वीज गेली, योजना रखडली, तर वाडी पुन्हा झऱ्याकडेच वळणार आहे. तेव्हा गडगा आडवा येऊ नये.

मी गेल्या उन्हाळ्यात तेथे जाऊन आलो. पन्हळ नाही, खड्डा पाल्याने भरलेला आहे. गडगा दोन ठिकाणी ढासळला आहे. कपारीला हात लावला तर ओल लागली. वीसेक पावले वर आणि वीसेक पावले खाली हे अंतर मी मोजून पाहिले. मग परत येऊन तलाठी कार्यालयात अर्ज दिला. अर्जात गट क्रमांक लिहिला, वाटेची लांबी लिहिली, आणि झऱ्याचा वापर करणाऱ्यांच्या नावांत सर्वांत वर आजीचे नाव लिहिले.