शेजाराची नोंदवही: जावाच्या गल्लीतल्या एका पदाची कुळकथा

जाकार्ता असो की योग्यकार्ता, इंडोनेशियातल्या वस्तीत शिरताना एक पाटी हमखास दिसते: पाहुण्याने चोवीस तासांच्या आत वर्दी द्यावी. ही वर्दी ‘पाक एर-ते’कडे द्यायची. हा माणूस पोलीस नाही, सरकारी नोकरही नाही. गल्लीतल्याच काही घरांनी पुढे केलेला तो एक शेजारी. ‘एर-ते’ म्हणजे ‘रुकुन तेतांगा’, शेजारगट. असे काही गट मिळून ‘एर-वे’. घर बदललं, लग्न ठरलं, कुणी वारलं, की कागदावर आधी पाक एर-तेची सही लागायची, आणि पुष्कळ ठिकाणी आजही लागते. रात्रीच्या गस्तीच्या पाळ्या, नालेसफाईचा रविवार, वर्गणी, सगळं त्याच्याच वहीत. पाहणाऱ्याला वाटावं, ही जावाच्या गावगाड्याइतकीच जुनी रीत असणार. ती तशी नाही. या गटाची स्थापना जानेवारी १९४४ मध्ये झाली, जपानी लष्कराच्या अमलाखाली, आणि वरून आलेल्या हुकमाने.

कुळ मात्र त्याहून बरंच मागे जातं. चीनमध्ये सोंग राजवटीपासून घरांचे गट बांधून त्यांना एकमेकांसाठी जामीन धरायची ‘बाओजिआ’ पद्धत होती. तोकुगावा काळातल्या जपानमध्ये पाच-पाच घरांचे ‘गोनिनगुमी’ होते. एकाने कर चुकवला किंवा लपून ख्रिस्ती धर्म पाळला, तर जाब पाचही घरांना. पुढे जपानने तैवान घेतलं आणि १८९८ मध्ये तिथल्या चिनी वस्तीवर हीच चौकट कायद्याने बसवली: दहा घरांचा एक गट, दहा गटांचा एक मोठा गट, आणि गुन्हा एकाचा तरी दंड सगळ्यांना. कोरियात १९३८ मध्ये ‘देशभक्त गट’ निघाले. सप्टेंबर १९४० मध्ये जपानच्या गृहखात्याने खुद्द जपानभर ‘तोनारिगुमी’, म्हणजे शेजारगट, बांधायचा आदेश काढला. शिधावाटप, आग विझवण्याची तालीम, युद्धरोखे खपवणं ही त्याची कामं, आणि शेजारी काय बोलतो इकडे कान ठेवणं हेही.

जावात हा गट आला तो युद्ध जपानवर उलटल्यावर. मार्च १९४२ मध्ये डच शरण गेले तेव्हा जपानी सैन्याचं स्वागत करणारेही होते. डचांचं राज्य गेलं याचा आनंद खोटा नव्हता. पण १९४३ सरेपर्यंत जपानची जहाजं बुडू लागली होती, आघाड्यांवर तांदूळ आणि मजूर हवे होते, आणि दोन्ही गोष्टी जावात होत्या. शेतकऱ्याला भाताचा ठरावीक वाटा ठरलेल्या, पडेल भावाने लष्कराला घालावा लागे. बाहेरून येणारं कापड बंद झालं, माणसं गोणपाट नेसू लागली. विमानांच्या वंगणासाठी एरंड लावायची सक्ती झाली. आणि ‘रोमुशा’, म्हणजे सक्तीचे मजूर, हवे होते: बांतेनमध्ये बायाहच्या कोळसा खाणीसाठी, सुमात्रातल्या पेकानबारूच्या रेल्वेसाठी, सयाम-ब्रह्मदेश रेल्वेसाठी. त्यांतले असंख्य परत आले नाहीत. स्वातंत्र्यचळवळीचे नेते सुकार्नो यांनी या भरतीच्या प्रचारात भाग घेतला होता आणि पुढे आत्मकथनात त्याची कबुलीही दिली.

पाच कोटींच्या आसपास वस्तीच्या बेटावर हे सगळं मूठभर जपानी अधिकाऱ्यांना आपल्या हातांनी करता येणं शक्यच नव्हतं. म्हणून दहा ते वीस घरांमागे एक तोनारिगुमी आणि त्याचा एक प्रमुख. त्याच सुमारास ‘जावा होकोकाई’ ही सेवासंघटना उभी राहिली. तिची साखळी वर लष्करी प्रशासनापाशी सुरू होई आणि खाली याच गटांत संपे. गटाच्या ठरावीक बैठका होत, हुकूम तिथे सांगितले जात. रेशन गटामार्फत, त्यामुळे गटाबाहेर राहण्याची सोय नाही. वरून आकडा यायचा: इतकं धान्य, इतके मजूर. नावं खालच्यांनी द्यायची. या रचनेतली क्रूर गोष्ट मला हीच वाटते. कुणाचा मुलगा जाणार, हे परक्या शिपायाने ठरवण्याऐवजी शेजाऱ्याच्या तोंडून वदवून घ्यायचं.

हे सारं ‘गोतोंग रोयोंग’ या नावाखाली चाललं. मिळून घर शाकारणं, मिळून पाट काढणं ही जावातली सवय खरोखर जुनी. रात्रीची गस्त आणि तिच्या चौक्याही जपानी यायच्या आधीपासूनच्या. जपान्यांनी माणुसकी आणली नाही. त्यांनी आणली ती नोंदवही, आणि त्या वहीचा जाब वर देणारा माणूस.

१७ ऑगस्ट १९४५ ला स्वातंत्र्याची घोषणा झाली. तोनारिगुमी हे नाव गेलं, गट राहिला आणि ‘रुकुन तेतांगा’ झाला. नव्या, कंगाल सरकारला गल्लीपर्यंत पोचणारी दुसरी वाट नव्हती, आणि लोकांनाही मर्तिकाला, सणाला, पुराला तो उपयोगी पडत होता. पुढे लष्करशहा सुहार्तोंच्या काळात मात्र जुना स्वभाव वर आला. १९६५ च्या कम्युनिस्टविरोधी धरपकडीनंतर तुरुंगातून सुटलेल्या राजकीय कैद्यांच्या ओळखपत्रावर खूण असे, आणि त्यांच्या घरी कोण येतं-जातं याची खबर याच वाटेने वर जाई. १९८३ मध्ये गृहमंत्रालयाने नियम काढून एर-ते आणि एर-वे देशभर एका साच्यात बसवले. दक्षिण कोरियातही १९७६ मध्ये पार्क चुंग-ही यांच्या सरकारने शेजारगटांच्या मासिक सभा देशभर सुरू केल्या.

पुढे हाच गट करोनात कामी आला. २०२१ मध्ये निर्बंधांचे रंग एर-तेनुसार ठरले, आणि आजारी घराच्या दाराशी जेवण ठेवणारे हातही त्याच गल्लीतले होते. म्हणून गट मोडावा असं मी म्हणणार नाही. गस्त, वर्गणी, तिरडी हे लोकांनी त्या वहीत आपल्या हाताने भरलेलं आहे, त्याचं श्रेय लोकांचंच. पण पाहुण्याची वर्दी मागणारी ती पाटी उतरायला हवी. तिचं मूळ शेजारधर्मात नाही.

जपानमध्ये तोनारिगुमी १९४७ मध्ये बंद झाले. इंडोनेशियाशी जपानचा भरपाईचा करार व्हायला १९५८ उजाडलं. रक्कम ठरली २२ कोटी ३० लाख डॉलरच्या घरात, आणि ती दोन सरकारांमधली होती. तिच्यातून जाकार्तात ‘हॉटेल इंडोनेशिया’ आणि पालेम्बांगचा आम्पेरा पूल उभा राहिला. रोमुशांची नावं गल्लीगल्लीतून गोळा झाली होती. त्यांच्या घरच्यांसाठी मात्र त्या करारात वैयक्तिक भरपाई नव्हती.