पानिपतचा हिवाळा आणि घोड्यांची वैरण

मराठी फौजेचे वर्ष दसऱ्यास सुरू होत असे. शिलंगण करून निघालेला घोडा सारा हिवाळा मुलुखगिरीवर असे आणि ते दिवस त्यास सुखाचेच जात. शिवारात ज्वारीचा ताजा कडबा, माळावर वाळलेले गवत, तोबऱ्यात हरभऱ्याची चंदी. रात्रीचा गारवा एका झुलीने निभावून जाई. दख्खनमध्ये घोड्याचा खरा कठीण काळ म्हणजे पावसाळा. म्हणूनच छावणीची सारी व्यवस्था पावसाळ्याच्या हिशेबाने आखलेली असे. चिपळूणनजीक छावणीस असलेल्या लष्करास शिवछत्रपतींचे जे प्रसिद्ध पत्र गेले, ते याच चिंतेचे आहे. दाणावैरण आताच उधळली तर भर पावसात घोडी उपाशी मरतील आणि मग लोक कुणब्यांच्या घरात शिरतील, हा त्याचा आशय. दिव्याची पेटती वात उंदराने ओढून नेली तर गवत भस्म होईल, इतका बारीक विचार त्यात केलेला आहे.

ही दक्षिणेची दृष्टी घेऊन सदाशिवरावभाऊ १७६० साली उत्तरेत गेले. तेथील ऋतुचक्र निराळे. कार्तिक सरता सरता ज्वारी-बाजरीची कापणी आटोपलेली असते, गहू पौषात वीतभर उंचीचा, गवत थंडीने करपलेले आणि रात्री हाडे गोठविणाऱ्या. अशा वेळी उघड्यावर बांधलेल्या घोड्यास अधिक चारा लागतो. आजचे पशुवैद्यक सांगते की, चारा आतड्यात आंबताना जी ऊब उत्पन्न होते, तिच्यावर घोडा थंडी काढतो. ते काम धान्याने तितके होत नाही. उलट वैरणीवाचून नुसते धान्य चारले तर पोटशूळ उठतो. कुंजपुरा ऑक्टोबर १७६० मध्ये जिंकल्यावर विपुल धान्य हाती आले, त्याने माणसांची काही दिवस सोय झाली. परंतु घोड्याच्या वैरणीचा प्रश्न त्याने सुटणारा नव्हता.

हा प्रश्न केवढा होता, ते हिशेबाने दिसते. साडेतीनशे किलो वजनाच्या घोड्यास दिवसाकाठी सुमारे सात किलो कोरडा चारा हवा. फौजेत चाळीस हजारच घोडी धरली तरी रोजचे २८० टन झाले. गाडीमागे अर्धा टन धरल्यास साडेपाचशेहून अधिक गाड्या, त्याही दररोज. तोफांचे बैल, उंट, हत्ती आणि बाजारबुणग्यांची तट्टे यांत धरलेली नाहीत. एवढा चारा साठवून ठेवता येत नाही. तो भोवतालच्या मुलखातूनच कापून आणावा लागतो, आणि त्यासाठी फौज हलती असावी लागते. मराठ्यांचे गनिमी युद्धतंत्र हे एका अर्थी वैरणीचेही तंत्र होते. पानिपतास तोफांभोवती खंदक खणून बसताच ते तंत्र सुटले.

१७६०च्या नोव्हेंबरपासून दोन्ही फौजा समोरासमोर ठाकल्या. अब्दाली दक्षिणेस, म्हणजे दिल्लीच्या वाटेवर बसला होता. पूर्वेस यमुना, आणि तिच्यापलीकडचा सुपीक अंतर्वेद नजीबखानाच्या साह्याने त्यास रसद पुरवीत होता. ती रसद तोडण्याचे काम गोविंदपंत बुंदेल्यांकडे होते. डिसेंबरात ते अचानक झालेल्या हल्ल्यात मारले गेले, आणि तेव्हापासून टंचाईचे पारडे फिरले. पतियाळ्याच्या आलासिंगाकडून उत्तरेच्या बाजूने येणारी मदत एवढ्या मोठ्या तळास कोठून पुरणार?

या युद्धातील सर्वांत उपेक्षित माणूस म्हणजे घासकाप्या. विळा व दोरी घेऊन तो रात्री खंदकाबाहेर पडे, कारण दिवसा अफगाण स्वारांच्या टोळ्या फिरत. अशाच एका रात्री लाकूडफाटा व चारा आणण्यास गेलेल्यांची सर्रास कत्तल झाली. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराजाने आपल्या फारसी वृत्तांतात त्यांची संख्या वीस हजार दिली आहे. आकडा फुगलेला असावा. पण त्या रात्रीनंतर बाहेर जाण्याची हिंमत कोणास उरली नसेल, हे समजू शकते. पुढे जनावरे तळातच मरू लागली आणि मेलेल्या जनावरांच्या दुर्गंधीत माणसांना राहावे लागले.

१४ जानेवारी १७६१ रोजी, संक्रांतीच्या सुमारास, फौज बाहेर पडली ती दोन दिवसांच्या उपाशी माणसांची. पराक्रमात उणीव नव्हती. दुपारपर्यंत तर अफगाणांचे मधले दळ मागे रेटले गेले होते. परंतु अब्दालीने राखून ठेवलेली ताजी फौज जेव्हा घातली, तेव्हा तिच्या पोटभरल्या घोड्यांपुढे ही खंगलेली घोडी कितीशी टिकणार?

पळतानाही तोच अनुभव आला. मध्य हिंदुस्थानाचा इतिहास लिहिणाऱ्या माल्कमने महादजी शिंद्यांची हकीकत नोंदविली आहे. धिप्पाड घोड्यावरील एका अफगाण स्वाराने त्यांचा दूरवर पाठलाग केला. अखेर महादजींची दक्षिणी घोडी थकून खाचेत कोसळली आणि पायावर झालेल्या वाराने ते जन्माचे अधू झाले. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना उचलून आपल्या पखालीच्या बैलावर घातले व दक्षिणेच्या वाटेस लावले. महादजींनी पुढे त्यास भाऊ मानून सरदारकी दिली. शिंद्यांच्या दौलतीत तो ‘राणेखान भाई’ म्हणूनच ओळखला गेला.