पडीक जमीन कोणाची?

२०१९ च्या पावसाळ्यात महाराष्ट्र शासनाने ३३ कोटी झाडे लावण्याचा संकल्प सोडला होता. आधीच्या तीन पावसाळ्यांत हा आकडा दोन, चार आणि तेरा कोटी असा चढत आला होता. त्यांतली किती रोपे जगली यावर पुष्कळ वाद झाला. मला पडलेला प्रश्न निराळा आहे. एवढी झाडे लावायला जागा कुठून निघाली? जंगलात झाडे आहेतच, शेतात शेतकरी आहे. उरतो तो माळ. सरकारी कागदात त्याचे नाव ‘पडीक’. झाडे लावू नका म्हणणाऱ्याला आपल्याकडे कोणी जवळ उभे करत नाही, त्यामुळे या नावाची चौकशीही फारशी होत नाही.

शेतकऱ्याच्या तोंडी ‘पड’ म्हणजे विसावा दिलेली जमीन. ती निकामी नसते, पुढच्या पेऱ्यासाठी दम घेत असते. १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जमिनीची नवी मोजणी केली आणि तिच्या धर्तीवर पुढे मुंबई इलाख्यात सारा ठरू लागला. त्या हिशेबात पीक देणारी जमीन कामाची. माळावरचे गवत, गवतावरची मेंढरे, मेंढरांची लोकर आणि रानात मेंढरे बसवून मिळणारे खत यांना रकाना नव्हता. मग १८७८ चा वनकायदा आला. जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये तक्रार मांडली आहे की डोंगर-टेकड्यांबरोबर पडीत जमिनी आणि गायरानेही जंगलखात्यात घातली गेली आणि गरीब शेतकऱ्याच्या शेरडांना चरायला जागा उरली नाही. वनखात्याविषयी लिहिणाऱ्यांचा डोळा बहुधा लाकडावर असतो. फुल्यांना शेरडू दिसले.

माळावर झाडे लावण्याच्या समर्थनात एक इतिहास सांगितला जातो : दख्खनवर पूर्वी घनदाट अरण्य होते, माणसांनी ते तोडले, गुराढोरांनी उरलेले खाल्ले, आता आपण ते परत आणायचे. काही ठिकाणी तोड झाली हे खरेच. पण पर्जन्यछायेतल्या साऱ्या पठाराला हा इतिहास लावला की तो टिकत नाही. तिथे पाऊस जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटर, मातीचा थर वीतभर, खाली मुरूम आणि काळा पाषाण. ‘जंगल’ हा शब्दच बघा. तो संस्कृत ‘जांगल’वरून आला आणि चरकसंहितेतला जांगल देश म्हणजे मोकळ्या आकाशाचा, कोरडा, खैर-बोर-शमीचा मुलूख. दाट झाडी हा त्याचा अर्थ फार पुढचा. पंढरपूरच्या देवळात कान्होपात्रेच्या समाधीच्या जागी उगवले म्हणून सांगतात ते झाड तरटीचे, उघड्या माळावरचे काटेरी झाड. विठोबाचे मूळ गवळी-धनगरांच्या देवात आहे, हे रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’मध्ये विस्ताराने मांडले. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी बिरोबा, म्हसोबा, खंडोबा यांच्या मागावर याच माळांवरून वर्षानुवर्षे पायपीट केली. एवढे देव आणि एवढी गुराखी संस्कृती चार-दोन शतकांच्या जंगलतोडीतून उभी राहत नाही. अलीकडे संशोधकांनी जुन्या मराठी वाङ्मयातली वनस्पतींची नावे वेचून पाहिली, तेव्हा त्यांतही उघड्या माळाच्याच झाडाझुडपांचा भरणा निघाला.

स्वातंत्र्यानंतर राज्यकर्ते बदलले, रकाना राहिला. १९८५ मध्ये राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन झाले. उद्दिष्ट होते वर्षाला ५० लाख हेक्टरांवर झाडी. पुढे उपग्रहांच्या चित्रांवरून देशाचा पडीक जमिनींचा नकाशासंग्रह निघाला, त्यात झुडपी माळ आणि ‘अवनत’ कुरणेही पडीकच. माळावर लावले काय, तर ग्लिरिसिडिया, म्हणजे आपली उंदीरमारी, नाहीतर सुबाभूळ, निलगिरी. उंदीरमारी झपाट्याने वाढते आणि तिचा ताजा पाला गुरे सहसा खात नाहीत. कुंपणाचा खर्च वाचतो. गुरांचे काय, हा प्रश्न हिशेबात नसतोच.

नान्नजचे उदाहरण मला सगळ्यात बोलके वाटते. माळढोकासाठी १९७९ साली सोलापूर-अहमदनगरच्या मुलखात ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. नंतर ते १,२२२ वर आले. हा पक्षी उघड्यावर, जमिनीवरच बहुधा एक अंडे घालतो आणि दूरवर नजर पोचली तरच निर्धास्त असतो. त्याच्या मुलखातही झाडांच्या रांगा उभ्या राहिल्या. एक हात गवताचा पक्षी राखत होता, दुसरा गवतावर सावली घालत होता. आज तिथे माळढोक दिसला तर बातमी होते.

झाडाला मोजता येते, हे त्याचे राजकीय बळ. खड्डे, रोपे, हेक्टर, सगळ्याचा आकडा निघतो. कुसळी, मारवेल, पवन्या यांचे रोप कोणी हातात धरून छायाचित्र काढत नाही. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर खाणीसाठी, धरणासाठी जंगल गेले की भरपाई म्हणून दुसरीकडे झाडे लावायची पद्धत पडली. २०१६ मध्ये त्या निधीसाठी स्वतंत्र कायदा झाला. त्यामुळे पानगळीचे जुने जंगल एका टोकाला पडते आणि त्याची फेड दुसऱ्या टोकाचा माळ करतो. दोन्हीकडे नुकसान, कागदावर मात्र हिशेब जुळलेला.

माण तालुक्यातल्या एका टेकाडावर मला एका मेंढपाळाने मुरमात खोदलेल्या खड्ड्यांच्या ओळी दाखवल्या. काहींत वाळक्या काड्या होत्या, बाकी मोकळे. रोपे गेली तरी चराईबंदी उठली नव्हती. मी विचारले, मग मेंढरे कुठे नेता? ते म्हणाले, “वळसा घालून. पाच वर्सं झाली, वळसाच घालतोय. आता दिवाळी झाली का वाडा घेऊन कोकणात.” झाडाबद्दल त्यांचा राग नव्हता. हिवराची दोन झाडे ओढ्याकाठी त्यांनीच राखली होती, दुपारच्या सावलीसाठी आणि शेंगांसाठी. ती कोणत्याच मोहिमेच्या आकड्यात आलेली नाहीत.