फिलिप्पैकरांस पत्र

बायबलच्या नव्या करारातील एक लहान पत्र. प्रेषित पौलाने ते पहिल्या शतकात, बेड्यांत असताना, मासेदोनियातील फिलिप्पै नगरातल्या ख्रिस्ती मंडळीला ग्रीक भाषेत लिहिले. अध्याय ४, वचने १०४. मोठ्याने वाचले तरी वीसेक मिनिटांत संपते. एवढ्याशा मजकुरात ‘आनंद’ आणि ‘आनंद करणे’ या अर्थाचे शब्द सोळा वेळा येतात, म्हणून त्याला ‘आनंदाचे पत्र’ म्हणण्याची प्रथा पडली. हे नाव थोडे फसवे आहे. पत्रात तुरुंग आहे, जिवावरचे दुखणे आहे, दोन बायकांचे भांडण आहे, देहदंडाची शक्यता आहे आणि एके ठिकाणी लिहिणाऱ्याच्या डोळ्यांत पाणीही आहे.

फिलिप्पै आज उत्तर ग्रीसमध्ये, कवाला बंदराजवळ, भग्नावस्थेत उभे आहे. २०१६ साली ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. सिकंदराचा बाप दुसरा फिलिप याने इ.स.पू. ३५६ मध्ये जवळच्या सोन्याच्या खाणींवर डोळा ठेवून ते ताब्यात घेतले आणि त्याला आपले नाव दिले. इ.स.पू. ४२ मध्ये याच मैदानावर सीझरचे मारेकरी ब्रूटस आणि कॅशियस हरले. नंतर रोमने तिथे निवृत्त सैनिक वसवले. गाव ग्रीक भूमीवर, पण ताठा रोमचा.

पौल तिथे पोचला तो साधारण इ.स. ५० च्या आसपास. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायात त्या मुक्कामाची हकीकत आहे. पहिली श्रोती लुदिया, थुवतीर नगरची, जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी बाई. पुढे भविष्य सांगून धन्यांना पैसा मिळवून देणाऱ्या एका दासीला पौलाने भूतबाधेतून सोडवले, धन्यांची मिळकत बुडाली आणि प्रकरण चावडीवर गेले. पौल व त्याचा सोबती सीला यांना छड्यांनी मारून आतल्या कोठडीत घातले, पाय खोड्यात अडकवले. मध्यरात्री हे दोघे प्रार्थना करत, देवाची स्तोत्रे गात होते आणि बाकीचे कैदी ऐकत होते. मग भूकंप झाला, दारे उघडली, तरी कैदी पळाले नाहीत. आत्महत्येला निघालेल्या तुरुंगाधिकाऱ्याने त्याच रात्री त्यांच्या जखमा धुतल्या, कुटुंबासह बाप्तिस्मा घेतला आणि त्यांना घरी नेऊन जेवू घातले. चौकशीशिवाय फटके मारता येऊ नयेत असे रोमन नागरिकत्व पौलाकडे होते, ते मात्र त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी उघड केले. आदल्या दिवशी तो का बोलला नाही, की त्या गोंगाटात कुणी ऐकूनच घेतले नाही, हे ग्रंथकार सांगत नाही.

पत्र त्यानंतर काही वर्षांनी, दुसऱ्याच कैदेतून लिहिलेले आहे. ही कैद कुठली यावर एकमत नाही. परंपरा रोम सांगते, काळ इ.स. ६० ते ६२; काही अभ्यासक इफिस किंवा कैसरियाकडे झुकतात. लिहिण्याचे निमित्त अगदी घरगुती होते. रोमन व्यवस्थेत कैद्याची आबाळ होऊ नये हे बहुतांशी त्याच्या आप्तेष्टांनीच बघायचे असे. फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीत नावाच्या माणसाबरोबर पौलाला मदत पाठवली. तो माणूसच इतका आजारी पडला की मरता मरता वाचला, आणि त्याची बातमी कळून गावाकडची माणसे काळजीत पडली. तेव्हा पौल त्याला परत पाठवतो, सोबत हे पत्र देतो. थोडक्यात, मदत पोचल्याची ही पोच आहे. धर्मशास्त्राचे गाढे विवेचन त्यात आहेच; ख्रिस्ताने स्वतःला रिक्त करून दासाचे रूप घेतले हे सांगणारा दुसऱ्या अध्यायातील भाग पुढे शतकानुशतके वादाचा आणि चिंतनाचा विषय झाला. पण तो भागही आला आहे तो आपसात मिळून-मिसळून राहा, हे समजावताना. चौथ्या अध्यायात युवदीया आणि सुंतुखे या दोन कार्यकर्त्या स्त्रियांना नावानिशी समेटाची विनवणी आहे, आणि तिच्या पाठोपाठ, दोनच वचनांनंतर, ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ ही प्रसिद्ध आज्ञा.

या आज्ञेतला महत्त्वाचा शब्द ‘प्रभूमध्ये’ हा आहे. पौल परिस्थितीत आनंद माना म्हणत नाही. परिस्थिती वाईट आहे हे तो लपवत नाही. एपफ्रदीत दगावला असता तर आपल्याला दुःखावर दुःख झाले असते, हे तो कबूल करतो. आनंद आणि दुःख एकाच पानावर राहतात. या भाषेचे मूळ हिब्रू धर्मग्रंथांत आहे: संदेष्टा हबक्कूक आपल्या पुस्तकाच्या शेवटी पीक बुडालेले, गोठे ओस पडलेले अशी स्थिती मांडतो आणि तरी देवाठायी उल्लास करण्याचा निश्चय करतो.

समाधानासाठी पौल वापरतो तो शब्द मात्र स्टोइक तत्त्वज्ञांच्या आवडीचा, ‘ऑतार्केस’, म्हणजे स्वयंपूर्ण. विपन्नतेत आणि संपन्नतेत सारखे राहायला मी शिकलो, असे तो सांगतो. इथपर्यंत कोणताही स्टोइक मान डोलावेल. पुढे तो हे बळ आपले नसून ख्रिस्ताचे असल्याचे सांगतो, आणि लगेच मदतीबद्दल कृतज्ञताही व्यक्त करतो. स्वयंपूर्ण माणसाला दुसऱ्याच्या शिदोरीचे इतके अप्रूप कशाला? पौलाच्या आनंदाचे वेगळेपण इथे दिसते. तो एकट्याने मिळवायची मनःशांती नाही, देणाऱ्या-घेणाऱ्यांत वाटला जाणारा आहे.

पश्चिमी चर्चमध्ये नाताळाआधीच्या आगमनकाळाचा तिसरा रविवार ‘आनंद करा’ याच आज्ञेच्या पहिल्या लॅटिन शब्दावरून ‘गाउदेते’ म्हणून ओळखला जातो. त्या दिवशी उपासनेत जांभळ्याऐवजी गुलाबी वस्त्रे वापरण्याची मुभा असते. स्विस धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थ यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात या पत्रावर भाष्य लिहिले. त्यांच्या मते इथला आनंद म्हणजे ‘तरीही’ असे म्हणत दिलेले एक आव्हान.

मराठीत नवा करार आला तो १८११ मध्ये, विल्यम कॅरी यांच्या सेरामपूरच्या छापखान्यातून. पण या पत्राच्या संदर्भात आठवावे ते पंडिता रमाबाईंचे भाषांतर, कारण तेही दुःखाच्या सोबतीने घडले. दुष्काळात आईवडील आणि बहीण, पुढे भाऊ, मग लग्नानंतर दोन वर्षांत पती, असे एकेक माणूस त्यांनी गमावले होते. बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला, तरी ख्रिस्ताची खरी ओळख आपल्याला त्यानंतर काही वर्षांनी पटली, असे त्यांनी स्वतःच्या साक्षीत नोंदवले आहे. १८९६–९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली केडगावला आणल्या. ज्या अवर्षणाने त्यांचे घर बुडवले होते, त्याच्याशीच ही दुसरी गाठ होती. मूळ हिब्रू व ग्रीकवरून संपूर्ण बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणण्याचे काम त्यांनी अखेरपर्यंत चालवले. जुलै १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली. हस्तलिखित हातावेगळे करून रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी वारल्या, आणि ग्रंथ १९२४ मध्ये केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातून बाहेर पडला. त्याच्या छपाईत आश्रमातल्या बायका-मुलींचेही हात होते.